कुठलंही बसतं

वाण्याकडे माझ्या नेहमीच्या ब्लेडची पुडी संपली होती. मी परत फिरलो, तर गल्ल्यावरच्या मुलाने दुसऱ्याच कंपनीची पुडी पुढे सरकवली. "हे न्या ना काका. कुठलंही बसतं." नेली. घरी येऊन रेझरची मूठ सैल केली, वरची टोपी काढली, नवे पाते ठेवले, मूठ आवळली. बसले. रेझर वडिलांचा आहे. मुठीवरचा मुलामा बोटांच्या जागी उडून खालचे पितळ दिसू लागले आहे, आणि ज्या कंपनीचा तो रेझर आहे तिचे पाते मी त्यात कधी घातल्याचे मला आठवत नाही.

गालावर फेस असतानाच मी ओशाळलो. वाणिज्य शाखेच्या वर्गात बावीस वर्षे मी याच रेझरच्या जनकाचा दाखला देत आलो होतो, आणि त्या मुलाच्या दोन शब्दांपुढे तो दाखला टिकत नव्हता.

पूर्वपक्ष असा आहे. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट नावाचा एक फिरता विक्रेता होता. (यातले 'किंग' हे नावच, पदवी नव्हे.) रेझर एकदाच विकला जातो, पाती मात्र जन्मभर विकता येतात, हे त्याने हेरले. म्हणून त्याने रेझर जवळजवळ फुकट वाटला आणि पैसा पात्यांवर केला. रेझर घरात गेला की गिऱ्हाईक अडकले. प्रिंटर स्वस्त देऊन शाई महाग विकणाऱ्यांनी पुढे हाच कित्ता गिरवला. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत या युक्तीचे नावच 'रेझर आणि पाते' असे आहे. २००८ साली 'वायर्ड' मासिकाचे संपादक ख्रिस अँडरसन यांनी फुकटाच्या अर्थकारणावर जो गाजलेला लेख लिहिला, त्याची सुरुवातही जिलेटच्याच गोष्टीने होते. तेव्हा या पक्षाला वकील कमी नाहीत, आणि त्यांतला एक मी होतो.

कथा सुबक आहे. एक माणूस, एक युक्ती, एक साम्राज्य. अशा कथेकडे कोणी पुरावा मागत नाही. नैयायिकांच्या भाषेत बोलायचे तर ती निव्वळ शब्दप्रमाणावर उभी आहे: एकाने सांगितले, दुसऱ्याने छापले, मी फळ्यावर लिहिले. २०१० साली शिकागो विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी त्या काळच्या किमती आणि पेटंटे काढून पाहिली, तेव्हा कथेखालची जमीन सरकली. पुढच्या युक्तिवादातला तारखा आणि किमतींचा भाग त्यांचा, हे आधीच मान्य करतो. पण माझी खात्री पटवली ती पात्याच्या मधल्या भोकाने. त्याकडे येऊच.

आधी युक्ती म्हणायचे कशाला, ते ठरवू. तिला दोन पाय लागतात. दांडा स्वस्त हवा, हा पहिला. त्या दांड्यात दुसऱ्याचे पाते बसता कामा नये, हा दुसरा. पहिला असून दुसरा नसेल, तर व्यापारी स्वतःच्या खर्चाने दुसऱ्याची गिऱ्हाइके तयार करून देतो. दुसरा असून पहिला नसेल, तर ती साधी मक्तेदारी झाली. तिला युक्ती कशाला म्हणायचे? आता प्रश्न एवढाच की जिलेटच्या दुधारी रेझरच्या इतिहासात हे दोन पाय एकाच वेळी जमिनीवर कधी टेकले.

जिलेट ज्या कंपनीत विक्रेता होता ती बाटल्यांची पत्र्याची बुचे करणारी. त्या बुचाचा शोधक विल्यम पेंटर याने त्याला सुचवले होते की लोक एकदा वापरून फेकतील आणि पुन्हा घ्यायला येतील अशी वस्तू काढ. १८९५ साली जिलेटला ती सापडली. वस्तऱ्यात काम करते ती फक्त धार. मागचे जाड पोलाद केवळ धारेला आधार म्हणून. मग पातळ पत्रा घ्यावा, दोन्ही कडांना धार लावावी आणि ती बोथट झाली की पत्राच फेकून द्यावा. इथे फेकायचे आहे ते पाते. दांडा फुकट देण्याचा विचार या कल्पनेत कुठेच येत नाही. जिलेट विकत होता ती धार लावण्याच्या रोजच्या कटकटीतून सुटका: दगड नको, चामड्यावर परजणे नको, धारेसाठी न्हाव्याच्या धोकटीकडे बघणे नको. अशी सुटका माणूस चांगले पैसे मोजून घेतो.

अडचण पोलादाची होती. इतक्या पातळ पत्र्याला पाणी दिले की तो वाकडा होतो, आणि वाकड्या पात्याला सरळ धार लागत नाही. एमआयटीत शिकलेला इंजिनिअर विल्यम निकरसन याने त्यावर तोड काढली. १९०१ साली बोस्टनमध्ये कंपनी निघाली, १९०३ साली माल बाजारात आला. पहिल्या वर्षीची विक्री ५१ रेझर आणि १६८ पाती. दुसऱ्या वर्षी रेझर नव्वद हजारांच्या वर गेले.

आणि किंमत? पाच डॉलर. अमेरिकेतल्या त्या काळच्या मजुराच्या आठवड्याच्या कमाईतला मोठा हिस्सा. चांदीचा मुलामा दिलेला रेझर डबीत घालून मिळायचा. लग्नात जावयाला द्यावी अशी वस्तू. एका डॉलरला रेझर विकणारे बाजारात होते, पण ते एव्हररेडी आणि जेम, म्हणजे जिलेटचे प्रतिस्पर्धी. ज्याच्या नावावर आपण फुकट दांड्याची कथा सांगतो, तोच बाजारातला सर्वांत महागड्या विक्रेत्यांपैकी एक होता.

आता दुसरा पाय पाहा. जिलेटचे मुख्य पेटंट नोव्हेंबर १९०४ चे. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे त्याची मुदत सतरा वर्षे, म्हणजे नोव्हेंबर १९२१ पर्यंत. या सतरा वर्षांत दुसऱ्या कोणाला त्या रेझरसाठी पाते करता येत नव्हते. गिऱ्हाईक अडकवायची सगळी सोय होती. युक्ती जिलेटची असती, तर ती चालवायचा काळ हाच. त्याने या काळात दांड्याची किंमत पाच डॉलरवर धरून ठेवली.

१९२१ साली पेटंट संपत आले तेव्हा कंपनी हलली. सुधारित रेझर पाच डॉलरलाच ठेवला आणि जुन्या धाटणीचा रेझर 'ब्राउनी' या नावाने एका डॉलरला काढला. पहिला पाय आला तो असा, नेमका दुसरा निसटत असताना. अडकवता येत होते तोवर दांडा महाग होता. दांडा स्वस्त झाला तेव्हा अडकवायला काही उरले नव्हते.

इथे पूर्वपक्षाची शंका येते आणि ती रास्त आहे. जिलेटचे रेझर फुकट मिळत होते, हे खोटे थोडेच आहे? पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना ते मिळाले. पुढे च्युइंग गमबरोबर, चहा-कॉफीबरोबर मिळाले, बँकेत खाते उघडणाऱ्यांना मिळाले. मिळाले, कबूल. पण पैसे कोणी दिले ते पाहा. सैनिकाला रेझर फुकट होता; सरकारने मात्र सुमारे ३५ लाख रेझर आणि तीन कोटींहून अधिक पाती कंपनीकडून विकत घेतली होती. गमवाल्यानेही ते घाऊक घेतले. गिऱ्हाइकाच्या हाती वस्तू फुकट पडली म्हणून कारखानदाराने ती फुकट दिली, असे म्हणणे म्हणजे लग्नातली पंगत फुकट असते म्हणून आचारी फुकट राबतो असे म्हणण्यासारखे आहे. शिवाय गम आणि बँकांचा हा सपाटा प्रामुख्याने पेटंट सुटल्यानंतरचा. त्या काळात जिलेटचा रेझर घरात येणे म्हणजे कोणाच्याही पात्याला दार उघडणे होते.

तेव्हा भोकाकडे येऊ.

जिलेटच्या मूळ पात्याला तीन गोल भोके होती. दांड्याच्या टोपीतल्या खुंट्या त्यांत बसत. पेटंट सुटताच तीन भोकांची पाती शेकडो नावांनी निघाली. ऑटोस्ट्रॉप कंपनीच्या हेन्री गाइसमनने त्यापुढची चाल केली. त्याच्या 'प्रोबॅक' पात्याचे भोक असे कापलेले होते की ते जिलेटच्या दांड्यात बसावे, पण जिलेटचे पाते गाइसमनच्या दांड्यात बसू नये. कुलूप आणि किल्लीचाच खेळ हा. जिलेटने नवा दांडा आणि नवे पाते काढून त्याला उत्तर दिले, गाइसमन कोर्टात गेला, आणि १९३० सालीच भांडणारे दोघे एका कंपनीत आले. या एकत्रीकरणाच्या वेळी जिलेटच्या हिशेबवह्यांत फुगवलेला नफाही सापडला. पण आपल्याला त्या भांडणाची खूण हवी आहे, आणि ती आजही घराघरात आहे. कोणत्याही दुधारी ब्लेडचा कागद सोडून पाहा. मधोमध एक लांब फट दिसेल, आणि ती तीन ठिकाणी रुंदावलेली. लांब फट नव्या दांड्यांसाठी, रुंद जागा जुन्या तीन खुंट्यांसाठी. जुने-नवे, आपले-परके कोणतेही दांडे चालावेत असे ते भोक आहे. जपानमधल्या सेकीचे पाते, इस्तंबूलचे पाते आणि ठाण्याचे पाते एकाच दांड्यात बसते ते या फटीमुळे. नैयायिकाला प्रत्यक्ष प्रमाण हवे असेल, तर ते दाढीच्या डबीत आहे.

आणि हे भोक जिलेटला किती महागात पडले, ते १९६२ च्या सुमारास दिसले. लंडनची विल्किन्सन सोर्ड ही अठराव्या शतकात निघालेली, तलवारींसाठी नावाजलेली कंपनी. तिने गंज न चढणाऱ्या पोलादाचे, वर लेप दिलेले दुधारी पाते बाजारात आणले. साध्या पोलादाच्या पात्याच्या कितीतरी पट दाढ्या ते देई. लोक त्यावर तुटून पडले. आता पूर्वपक्षाचा हिशेब इथे लावून बघा. जिलेटने अर्धशतकाहून अधिक काळ जगभर दांडे पोचवले होते. युक्ती खरी असती तर हे सगळे दांडेवाले जिलेटकडे अडकलेले असायला हवेत. घडले उलटे. जिलेटच्या प्रत्येक दांड्यात विल्किन्सनचे पाते चपखल बसले. तलवारवाल्यांना रेझरचा एक कारखानाही काढावा लागला नाही. त्यांच्यासाठी दांडे आधीच जिलेटने वाटून ठेवले होते. जिलेटला स्वतःचे स्टेनलेस पाते घाईने आणावे लागले, आणि ते आले १९६३ साली. गिऱ्हाईक दांड्याने बांधलेले नव्हते. पाते चांगले असेपर्यंत राहत होते, दुसरीकडे चांगले मिळाले की जात होते.

मग १९२१ नंतरही जिलेट पैसा मिळवत राहिला तो कशावर? पोलाद बरे, धार एकसारखी आणि पुडीवर जिलेटचा स्वतःचा मिशीवाला चेहरा. जगभर लोक तो चेहरा ओळखत. याला सचोटीचा धंदा म्हणतात. त्यात युक्ती नाही, म्हणूनच पाठ्यपुस्तकात त्याला जागा मिळाली नसावी.

युक्तीचे दोन्ही पाय पहिल्यांदा भक्कमपणे एकत्र आले ते १९७१ साली, 'ट्रॅक टू' या दोन पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये. पाते आता सुटे राहिले नाही. ते प्लास्टिकच्या घरात कोंडले गेले, आणि घराचा सांधा कंपनीच्या पेटंटखाली आला. दांडा स्वस्त करायला आता भीती नव्हती. पुढे १९९८ साली तीन पाती आली, २००६ साली पाच. हनुवटीला पाच पात्यांची गरज किती, हा वाद मी इथे घेत नाही. माझ्या मुलाची दाढी कार्ट्रिजने तीन मिनिटांत होते आणि त्याला कधी तुरटी लागत नाही, हेही खरे आहे. मी एवढेच दाखवतो की प्रत्येक नव्या आकड्याबरोबर नवा सांधा आला, नव्या सांध्याबरोबर नवे पेटंट, आणि जुने कार्ट्रिज नव्या दांड्यावर बसेनासे झाले. विल्किन्सनच्या पात्याने जे दार उघडे असल्याचे दाखवले होते, ते असे बंद झाले. १९०३ चा रेझर आणि १९७१ चे कार्ट्रिज या दोन वेगळ्या धंद्यांना एकच नाव मिळाले, म्हणून त्यांची एकच गोष्ट झाली.

आपल्याकडचा दाखला तर याहून बोलका आहे. कोलकात्याच्या मल्होत्रांचे टोपाझ, ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सचे सुपरमॅक्स, सेव्हन ओ'क्लॉक ही पाती इथल्या पिढ्यांनी जो मिळेल त्या दांड्यात घातली. सलूनमध्ये तर दांड्याचीही गरज उरली नाही. गिऱ्हाईक 'नवीन ब्लेड लावा' म्हणते, कारागीर पाते कागदासकट मधोमध मोडतो आणि अर्धे वस्तऱ्याच्या खाचेत सरकवतो. उरलेले अर्धे पुढच्या गिऱ्हाइकाचे. घरी त्याच पात्याने पेन्सिलीला टोक होते आणि जुन्या कपड्याचे टाके उसवले जातात. ज्या वस्तूचा असा सार्वजनिक माल झाला, तिच्यावर कोणाची कोंडी चालणार?

ती चालवायची तर दुधारी पातेच बाजूला सारावे लागते, हे कंपनीला कळले होते. २००२ साली तिने भारतासाठी 'व्हेक्टर' हा स्वस्त कार्ट्रिज रेझर आणला. चाचणी घेतली बोस्टनजवळच्या एमआयटीतल्या भारतीय विद्यार्थ्यांवर, आणि त्यांना तो आवडला. इथे तो फसला. तिथे बेसिनला वाहता नळ होता. इथे माणूस मगभर पाण्यात, हातातल्या आरशात बघत दाढी करतो, आणि पात्यांत अडकलेले केस धुऊन काढायला पाण्याची धार नसते. कंपनीच्या अधिकाऱ्याने ही चूक पुढे जाहीरपणे सांगितली. बिनपाण्याने करणे म्हणतात ते हेच. फक्त या वेळी झाली ती कंपनीचीच. मग तिची माणसे इथे येऊन घराघरांत बसली, दाढ्या पाहिल्या, आणि २०१० साली 'गार्ड' आला: दांडा १५ रुपये, कार्ट्रिज ५ रुपये. त्यात पाते एकच. पाचापर्यंत गेलेली कंपनी भारतीय मगासमोर पुन्हा एकावर आली. मात्र ते एक पाते प्लास्टिकमध्ये कोंडलेले, आणि त्याचा सांधा फक्त त्याच दांड्याचा. दांडा स्वस्त, कार्ट्रिज स्वतःचे: पाठ्यपुस्तकातली युक्ती पहिल्यांदा मी इथे शब्दशः पाहिली, आणि जिलेटला वारून तेव्हा ७८ वर्षे झाली होती.

शेवटची शंका मला सर्वांत जवळची, कारण स्टाफरूममध्ये ती मीच काढत असे. कथा खरी नसली म्हणून काय बिघडले? ससा-कासवाचीही शर्यत कोणी पाहिलेली नाही. बोध तर मिळतो. बिघडते ते बोधातच. या कथेतून विद्यार्थी शिकतो की आधी वाटत सुटा, पैसा मागाहून येतो. प्रत्यक्षात पैसा येतो तो कुलपातून, आणि कुलूप बनवावे लागते, राखावे लागते, बहुधा कोर्टातही भांडावे लागते. लेक्समार्क या प्रिंटर कंपनीने टोनरचे डबे पुन्हा भरून विकणाऱ्यांना पेटंटच्या जोरावर रोखू पाहिले, तेव्हा २०१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटाचा हक्क संपला. फुकट देण्याच्या युक्तीचा पाया किती कायद्यावर आहे, हे असा निकाल शिकवतो. जिलेटची दंतकथा ते झाकते. औदार्य पुढे दिसते आणि कुलूप मागे लपते, म्हणून ती विकणाऱ्यांना प्रिय आहे, आणि म्हणूनच विकत घेणाऱ्यांनी ती तपासून घ्यायला हवी.

स्वतः जिलेटला यातले काय रुचले असते, सांगता येत नाही. रेझरच्या आधी, १८९४ साली त्याने एक पुस्तक लिहिले होते. स्पर्धा हे समाजाच्या साऱ्या दुःखांचे मूळ आहे, सर्व उत्पादन लोकांच्या मालकीच्या एकाच महाकंपनीने करावे आणि नायगाराच्या विजेवर चालणाऱ्या एका अजस्र नगरात सर्वांनी राहावे, असा त्यातला विचार. त्याच माणसाच्या हातून जगातल्या सर्वांत मोकळ्या स्पर्धेची एक वस्तू तयार झाली. तिला मालक उरला नाही, फक्त माप उरले.

सिद्धान्त एवढाच. 'रेझर आणि पाते' ही युक्ती खरी आहे, पण ती दुधारी रेझरची नव्हे. त्या युक्तीला जे लागते तेच या रेझरने होऊ दिले नाही.

मुलाच्या ड्रॉवरमध्ये तीन दांडे पडून आहेत. दांडे धडधाकट आहेत. त्यांतल्या दोहोंची कार्ट्रिजे आता दुकानात येत नाहीत, आणि एकाचे डोके दुसऱ्यावर बसत नाही. वडिलांच्या रेझरला मात्र उद्या कोणत्या गावचे पाते मिळेल, याची मला फिकीर नाही. बावीस वर्षांतल्या विद्यार्थ्यांना परत वर्गात बसवता येत नाही, म्हणून हे लिहिले. त्यांच्यापैकी कोणाकडे जुनी वही असेल, तर जिलेटच्या नावाखालची ती ओळ त्याने खोडावी आणि तिथे वाण्याच्या मुलाचे दोन शब्द लिहावेत.